जाळी काढू नये

तिसऱ्यांदा एसी बंद पडला तेव्हा गाडी हावडा पुलाच्या अलीकडे गर्दीत अडकली होती आणि मागच्या सीटवर आमचा एक टेक्निशियन उलट्या करत होता. ऑगस्टचे शेवटचे दिवस. कोलकात्यात तेव्हा ऊन फारसं दिसत नाही, पण हवा अंगाला चिकटून बसते. ड्रायव्हर निमाई मंडल यांचा मला फोन आला.

"सर, फिर वही. खड़ा होने से गरम. चलने से ठंडा था."

"खिडक्या उघडा आणि गाडी सरळ वर्कशॉपला न्या," मी म्हणालो आणि फोन ठेवला. माझ्यासमोर तेव्हा टायरची बिलं होती.

मी फ्लीट मेंटेनन्स बघतो. म्हणजे कंपनीच्या गाड्या रस्त्यावर चालू ठेवणं, कुठली कधी वर्कशॉपला जाणार ते ठरवणं, आणि बिल आलं की ते एवढं का आलं याचं उत्तर वरच्यांना देणं. आमची कंपनी कारखान्यांतले मोठे वजनकाटे तपासते आणि दुरुस्त करते. ज्या काट्यावर अख्खा ट्रक चढतो, तो काटा. तो तपासायला लोखंडी वजनं लागतात, ती पिकअपच्या हौद्यात. पुढे डबल केबिन, त्यात ड्रायव्हर आणि तीन-चार टेक्निशियन. अशा चौदा पिकअप आमच्याकडे आहेत. ऑफिस सॉल्ट लेकला, सेक्टर फाइव्हमध्ये, आणि गाड्यांचं यार्ड तिथून दहा मिनिटांवर.

पिकअपला एसी कशाला, असं पुण्यात माझ्या भावाने विचारलं होतं. त्याला मी सांगितलं, वीस-वीस किलोची वजनं दिवसभर उचलणाऱ्या माणसाला एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात जाताना मिळणारा पाऊण तास हीच विश्रांती असते. ती भट्टीत काढली तर दुपारनंतर त्याच्या हातून वजन निसटतं, बहुतेक वेळा स्वतःच्याच पायावर. एसी आमच्याकडे सेफ्टीच्या यादीत आहे.

एसी कसा चालतो ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. एसीतला गॅस केबिनमधली उष्णता उचलतो आणि गाडीच्या तोंडाशी नेऊन टाकतो. तिथे रेडिएटरच्या पुढे एक बारीक पत्र्यांची चौकट असते, तिला कंडेन्सर म्हणतात. बाहेरची हवा त्या पत्र्यांमधून गेली की गॅस निवतो आणि परत आत जातो. हा गॅस दाबून फिरवणारा पंप म्हणजे कंप्रेसर. हे सगळ्यांत महाग प्रकरण. कंडेन्सरला हवा मिळाली नाही तर गॅसचं प्रेशर वाढतं, आणि ते फार वाढलं की एक स्विच कंप्रेसरला बंद करतो. केबिनमध्ये मग नुसता पंखा फिरतो, गरम हवेचा.

निमाई मंडल यांना यार्डात सगळे निमाईदा, म्हणजे निमाईदादा, म्हणतात. त्यांच्या गाडीचा एसी एप्रिलमध्ये पहिल्यांदा गेला. एका जॉइंटमधून गॅस गळाला होता. जॉइंट बदलला, गॅस भरला. जूनमध्ये कंडेन्सरचा पंखा जळाला. तोही बदलला. आणि आता कंप्रेसर जॅम. नवा कंप्रेसर, गॅस, मजुरी धरून तीस हजारांच्या आसपास. बाकीच्या तेरा गाड्यांचा एसीचा खर्च सगळा मिळूनही एवढा झाला नव्हता.

चक्रवर्तीसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. हे आमचे रीजनल मॅनेजर. माणूस वाईट नाही. फक्त आकडे आणि माणूस समोरासमोर आले की ते आधी आकड्यांकडे बघतात, आणि ते त्यांचं कामच आहे.

"मोहिते, तीन रिपेअर, एक गाडी, एक ड्रायव्हर, एक मेकॅनिक," ते म्हणाले. "काय समजायचं?"

"गाडी रोज हावड्याच्या ज्यूट मिल्समध्ये असते, सर. काम जास्त आहे तिचं."

त्यांनी जीपीएसचा रिपोर्ट माझ्याकडे सरकवला. गाडी रोज दुपारी मिलपाशी दीड-दोन तास उभी. इंजिन चालू.

"हा काय काम करतोय दोन तास? एसी लावून झोपतोय. आणि तुमचा तो असलम, त्याच्याकडून ह्याला काही मिळत नसेल कशावरून?"

असलमभाई म्हणजे हावड्यात ज्याच्याकडे आम्ही एसीची कामं देतो तो मेकॅनिक. त्याच्याबद्दल माझ्या मनात तसं काही नव्हतं. पण रिपोर्ट समोर होता. दोन तास इंजिन चालू ठेवायचं कारण मलाही सुचेना. इथे पाणी मुरतंय असं मला वाटलं, आणि एकदा तसं वाटलं की त्या वाटण्याला पुरावे आपोआप सापडत जातात. निमाईदा दुपारी कधी कधी फोन उचलत नाहीत. निमाईदा असलमकडे चहा पितात. वगैरे.

साहेब म्हणाले, "लेखी द्या."

मी लेखी दिलं. अर्ध्या पानाची नोट. शेवटची ओळ अशी होती: वारंवार होणाऱ्या बिघाडाचे कारण चालकाचा निष्काळजीपणा व गाडी उभी असताना एसीचा गैरवापर असल्याचे दिसते. खाली माझी सही.

त्या नोटवरून ऑफिसने बांग्लात एक नोटीस काढली आणि यार्डातल्या बोर्डावर लावली. निमाई मंडल यांना चौकशी होईपर्यंत कामावरून थांबवण्यात येत आहे. कारणही लिहिलं होतं. सोळा ड्रायव्हर येता-जाता तिथून जातात, चहावाला जातो, टायरवाला जातो. असलमच्या नावाची कुजबुज त्याला आपोआप जोडली गेली.

निमाईदांनी नोटीस वाचली, माझ्या टेबलावर चावी ठेवली आणि निघाले. वय चोपन्न, माझ्याहून तीन वर्षांनी मोठे. कंपनीत माझ्या किती तरी आधीपासूनचे. मीही मान वर केली नाही. टेबलावरचे कागद सारखे करत बसलो.

घरी जेवताना बायकोला सांगितलं. तिने विचारलं, "गाडी तिथे उभी का ठेवतात, हे त्यांना विचारलंस का?"

"विचारून काय? झोपत होतो असं कोण सांगणार आहे?"

ती भात वाढून उठली. बावीस वर्षांच्या संसारात तिच्या अशा उठण्याचा अर्थ मला कळतो, पण त्या दिवशी मी कळून घेतला नाही.

गाडीला नवा कंप्रेसर बसला. दुसरा ड्रायव्हर दिला, तरुण, तरतरीत. त्याला बजावून सांगितलं, गाडी उभी असताना एसी बंद. तो बिचारा उभ्या गाडीत घामाने भिजत बसायचा. नवव्या दिवशी त्याचा फोन आला.

"सर, एसी ठंडा नहीं कर रहा. जाम में खड़ा होने से एकदम गरम."

शब्दसुद्धा तेच. ड्रायव्हर बदलला, कंप्रेसर बदलला, आणि दुखणं जिथल्या तिथे. म्हणजे माझी नोट चुकली होती. किती चुकली होती ते अजून कळायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या गाडीत जाऊन बसलो. इथे एक कबुली. कोलकात्यात येऊन मला चार वर्षं झाली होती, आणि त्या मार्गावर आमच्या गाडीत बसून मी एकदाही गेलो नव्हतो. मिलमध्ये मिटिंगला गेलो तर टॅक्सीने, मिलच्या पुढच्या दाराने.

गाडी धावत होती तोवर केबिन गार. पुलावर वेग मेला आणि पाच मिनिटांत डॅशबोर्डमधून येणारी हवा कोमट झाली. पलीकडे उतरल्यावर रस्ता मोकळा मिळाला, पुन्हा गार. निमाईदांनी एप्रिलपासून मला हेच सांगितलं होतं. उभी राहिली की गरम, चालली की ठंडा. कुठल्याही शिकाऊ मेकॅनिकला यावरून कळतं, कंडेन्सरला हवा मिळत नाहीये. गाडी धावते तेव्हा वाऱ्याच्या जोराने थोडी तरी हवा आत घुसते, थांबली की तेवढीही नाही. हे मी डिप्लोमाला असताना शिकलो होतो. माझ्या कानांवरून ते वाक्य निदान तीनदा गेलं होतं.

मिलच्या गेटपाशी ट्रकांची रांग होती. कच्च्या तागाच्या गाठी भरलेले उघडे ट्रक. त्यांच्यामागे आमची पिकअप. आत काट्यापर्यंत जायला हीच एक वाट.

मी ड्रायव्हरला म्हणालो, "इंजिन बंद कर."

"सर, दर दोन मिनिटांनी रांग सरकते. बंद केलं आणि चालू करायला वेळ लागला तर मागचा ट्रक पुढे घुसतो. मग तासभर अजून."

रांग सरकत होती, एका वेळी गाडीभर लांबी. दीड तास लागला. जीपीएसच्या रिपोर्टातले दोन तास ते हे. त्यात झोपायची कुणाची हिंमत नव्हती.

रांग ज्या शेडच्या कडेने जाते, तिथे तागावर तेल आणि पाणी मारून तो मऊ करतात. त्या शेडमधून बाहेर येणाऱ्या हवेत तागाचे बारीक तंतू तरंगत होते, सोनेरी, दिसायला छान. समोरच्या ट्रकमधूनही उडत होते. माझ्या शर्टाच्या बाहीवर बसले. बोटाने पुसायला गेलो तर निघेनात, तेलकट होते. आमच्या गाडीचा पंखा दीड तास ही हवा आत ओढत होता.

काम संपल्यावर गाडी असलमभाईकडे नेली. त्याने गेज लावला. हा दोन घड्याळांचा मीटर असतो, एक काटा गॅसचं चढतं प्रेशर दाखवतो, दुसरा उतरतं. चढतीचा काटा बघता बघता लाल पट्ट्यात गेला आणि कंप्रेसर कट झाला.

"कंडेन्सर चोक है, साहब," असलमभाई म्हणाला.

"मग साफ का नाही केलास?"

"सामने से हर बार पानी मारा. पीछे कैसे जाऊँ?" त्याने बॉनेट उचलून बोट दाखवलं. "आपकी जाली है."

ह्या जाळीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

कोलकात्याआधी मी नऊ वर्षं चंद्रपूरकडे होतो. तिथल्या रस्त्यांवर गिट्टी उडते. आमच्या गाड्यांचे कंडेन्सर दगड लागून फुटायचे. मी एक बारीक पोलादी जाळी करून घेतली, कंडेन्सरच्या इंचभर पुढे, चारी बाजूंनी रिव्हेट मारून पक्की. कंडेन्सर फुटणं बंद झालं. हेड ऑफिसने माझं कौतुक केलं, सगळीकडे सर्क्युलर पाठवलं. त्यात तिचं नावच 'मोहिते जाळी' असं होतं. ते सर्क्युलर मी जपून ठेवलं आहे. माणसाने आयुष्यात जाळीवर नाव कोरावं यात फार काही नाही, पण मला अभिमान होता. कोलकात्याला आल्यावर पहिल्या महिन्यात मी सगळ्या चौदा गाड्यांना ती लावली. वर्कशॉपवाले कंटाळा करून काढून टाकतात, म्हणून शेजारी स्टिकरही लावला. इंग्रजीत आणि हिंदीत. जाळी काढू नये. मेंटेनन्स विभाग.

कोलकात्यात गिट्टी कुठे उडते, हा प्रश्न मला कुणी विचारला नाही. मीही स्वतःला विचारला नाही.

"मैंने पिछली बार भी बोला था, जाली खोलते हैं," असलमभाई सांगत होता. "निमाईदा बोले, साहब को पूछता हूँ. आपको फोटो भेजा था ना उन्होंने?"

मी फोन काढला. व्हॉट्सअॅपवर निमाईदांचं नाव शोधलं, वर सरकत जूनपर्यंत गेलो. फोटो होता. जाळीचा, जवळून काढलेला. खाली रोमन लिपीत हिंदी: सर, जाली खोलके साफ करे? अंदर कुछ है. आणि खाली माझं उत्तर, दोन मिनिटांनी आलेलं. नो. डू नॉट टच.

मला ते पाठवल्याचं आठवतही नव्हतं. कुठल्या तरी मिटिंगमध्ये टेबलाखालून पाठवलं असणार.

"काढ," मी म्हणालो.

असलमभाईने ड्रिलने रिव्हेट उडवले. जाळी समोरून चकचकीत होती, कारण निमाईदा रोज सकाळी तिला ब्रश मारायचे, ते मी स्वतः पाहिलं होतं. पण बारीक तंतू तिच्या भोकांतून आत जात होते, तेलाने आणि दमट हवेने कंडेन्सरवर बसत होते, आणि जाळीमुळे तिथवर कुणाचा हात पोचत नव्हता. पाणी मारलं की ते वरचेवर भिजत आणि आणखी घट्ट होत. असलमभाईने नखाने एक कोपरा सोडवला आणि ओढला. घोंगडीचा तुकडा निघावा तसा अख्खा थर निघून हातात आला. त्याने तो माझ्या हातात दिला. जड होता, ओला होता, तेलाचा वास येत होता.

गॅस का गळाला, पंखा का जळाला, कंप्रेसर का बसला, सगळं त्या एका थरात होतं. वाढलेल्या प्रेशरने आधी कच्चा जॉइंट सोडला, मग पंखा जास्त फिरून मेला, मग कंप्रेसर. आम्ही दर वेळी मेलेला पार्ट बदलत होतो. मारणारा पार्ट माझ्या नावाचा होता.

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही. वजनाचं काम करणाऱ्या कंपनीतला मी, तो तुकडा हातात घेऊन किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. असलमभाईने स्टूल पुढे केलं आणि न विचारता चहा मागवला.

चक्रवर्तीसाहेबांना सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "गुड. प्रॉब्लेम सुटला. जाळी काढून टाका, निमाईला परत बोलवा. एक वॉर्निंग लेटर द्या, त्याची सही घ्या, फाइल बंद."

"वॉर्निंग कशाची, सर? त्याची चूक नाही."

"मोहिते, हेड ऑफिसला आपण ड्रायव्हर निग्लिजन्स म्हणून कळवलंय. आता जाळी म्हणून कळवायचं? ती जाळी त्यांच्या सर्क्युलरमध्ये आहे. तुमच्या नावाने आहे. मार्चमध्ये तुमचं प्रमोशन बघताहेत, माहीत आहे ना? वॉर्निंग म्हणजे काय, एक कागद. पगार कापत नाही, काही नाही. त्याला काम हवं आहे, आपल्याला ड्रायव्हर. सगळे खूश."

मी काय केलं ते लिहायला जड जातंय, पण लिहितो. मी ते लेटर टाइप केलं. भाषा सौम्य केली, निष्काळजीपणाच्या जागी 'अपुरी दक्षता' असं घातलं, आणि आपण मोठं मन दाखवतोय अशा समजुतीत रविवारी सकाळी ते घेऊन बागबाजारला निमाईदांच्या घरी गेलो.

गल्ली अरुंद. जिन्याखाली एक शेजारी म्हातारे पेपर वाचत होते. मी मराठी हे कळल्यावर त्यांनी हसत वर हाक दिली, "निमाई, तोमार बाडीते बर्गी एशेछे!" म्हणजे तुझ्या घरी बर्गी आलाय. शेकडो वर्षांपूर्वी लुटालूट करायला इथे आलेल्या मराठी घोडेस्वारांना बंगाली लोक बर्गी म्हणतात. यार्डातही मला माझ्यामागे तेच म्हणतात. एरवी मी त्यावर हसतो. त्या दिवशी हसू आलं नाही.

निमाईदांनी खुर्ची दिली. त्यांच्या पत्नीने चहा आणि बशीत संदेश मिठाईचे दोन तुकडे आणून ठेवले आणि आत गेल्या. दाराआड उभ्या होत्या, साडीचा काठ दिसत होता.

मी जाळीचं सांगितलं. फोनमधला थराचा फोटो दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा करून नीट बघितला.

"मी म्हटलं होतं, आत काहीतरी आहे," ते एवढंच म्हणाले.

मग मी लेटर काढलं. त्यांना इंग्रजी वाचता येतं, सावकाश. त्यांनी पूर्ण वाचलं. पेन मी पुढे केलं होतं, ते तसंच टेबलावर राहिलं.

"सर, हे अपुरी दक्षता म्हणजे काय?"

"काही नाही, निमाईदा. फॉर्मॅलिटी. सोमवारपासून तुम्ही या."

"म्हणजे चूक माझीच?"

मी चहाचा कप उचलला.

"मोहितेबाबू," ते म्हणाले. एरवी ते मला सर म्हणतात. "सत्तावीस वर्षं स्टिअरिंग धरलंय. यार्डातला टायरवाला परवा बाजारात भेटला. म्हणाला, निमाईदा, असलम किती देत होता? माझ्या बायकोच्या समोर. मी ह्याच्यावर सही केली तर त्याला काय उत्तर देऊ? घरी बसेन. टोटो रिक्षा चालवेन. सही करणार नाही."

"मग काय करू मी?"

"ज्या बोर्डावर ते लावलं, त्याच बोर्डावर हे लावा. बांग्लात. जे मला आत्ता सांगितलंत तेच."

चोपन्नाव्या वर्षी, नाव खराब झालेल्या ड्रायव्हरला दुसरी कंपनी ठेवत नाही. हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, दाराआडच्या बाईंनाही माहीत होतं. तरी त्यांनी कागद घडी करून मला परत दिला. चहा पिऊन झाल्यावर मला जिन्यापर्यंत सोडायलाही आले.

सोमवारी मी चक्रवर्तीसाहेबांना नवी नोट दिली. आधीची नोट मी तपासणी न करता लिहिली, बिघाडाचं कारण मी बसवलेली जाळी आणि मी लावलेला स्टिकर हे आहे, चालकाचा दोष नाही. त्यांनी दोनदा वाचली.

"हेड ऑफिसला कॉपी जाईल."

"जाऊ दे, सर."

"मला तुमच्या बाजूने काही बोलता येणार नाही."

"माझी बाजूच नाही यात."

त्यांनी सही केली. मग चष्मा काढून म्हणाले, "नोटीस मात्र तुम्हीच वाचून दाखवा. ऑफिसने लावली, ऑफिसने काढली, असं नको. सगळे कधी जमतात? विश्वकर्मा पूजेला."

विश्वकर्मा पूजा म्हणजे इथल्या यार्डांची, वर्कशॉपांची दिवाळी. गाड्या धुऊन ओळीत लावतात, चाकांना, बॉनेटला हार, एका कोपऱ्यात मांडवात मूर्ती, आकाशात पतंग. त्या दिवशी ड्रायव्हर नव्या शर्टात येतात. निमाईदांना मी फोन करून बोलावलं होतं. ते आले, पण मांडवात शिरले नाहीत, गेटपाशी उभे राहिले. त्यांची पिकअप ओळीत पाचवी होती, जाळीविना.

पूजा झाल्यावर, प्रसाद वाटायच्या आधी, मी बोर्डासमोर उभा राहिलो. नोटीस ऑफिसातल्या टायपिस्टने बांग्लात करून दिली होती, आणि मी ती देवनागरीत लिहून घेऊन चार दिवस घोकली होती. माझे बांग्ला उच्चार म्हणजे एक शिक्षाच आहे, ऐकणाऱ्याला. पण कुणी हसलं नाही. बिघाड जाळीमुळे झाला. जाळी मी लावली. साफ करू नका असं मी सांगितलं. निमाई मंडल निर्दोष आहेत. त्यांच्यावर आणि मेकॅनिकवर घेतलेला संशय चुकीचा होता. त्याबद्दल मी सगळ्यांसमोर माफी मागतो. खाली माझं नाव. मी आधीची नोटीस बोर्डावरून काढली आणि ही लावली. 

निमाईदा गेटपासून चालत बोर्डापर्यंत आले. खिशातून चष्मा काढून घातला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. यार्डात फक्त मांडवातला लाउडस्पीकर चालू होता, तोही कुणीतरी बंद केला. वाचून झालं. मला वाटलं, आता हात मिळवतील.

"सर, एक लिहायचं राहिलं," ते म्हणाले. आवाज साधा होता, रागाचा नव्हता. "मी तीन वेळा सांगितलं होतं, ते यात नाही."

बरोबर होतं. त्या कागदात मी जाळीची चूक पूर्ण कबूल केली होती. ती कबूल करणं मला त्या मानाने सोपं गेलं होतं, इंजिनियरची चूक होती, हुशारीतून झालेली. ज्या माणसाने तीनदा येऊन दुखणं अचूक सांगितलं, त्याचं मी ऐकून घेतलं नाही, ही ओळ मी चार दिवस घोकलेल्या कागदात कुठेच नव्हती. आणि मला ती नसल्याचं कळलंही नव्हतं.

मी पेन काढलं. बांग्ला मला लिहिता येत नाही. "तुम्हीच लिहा," असं म्हणून पेन त्यांच्यापुढे केलं. त्यांनी बोर्डावर लावलेल्या कागदावरच, छापलेल्या मजकुराखाली, सावकाश अक्षर काढून एक ओळ लिहिली. एप्रिल, जून, ऑगस्ट असे महिनेही घातले. मी त्याखाली सही केली. मग त्यांनी गाडीपाशी जाऊन बॉनेटवरचा हार सारखा केला आणि हात पुढे केला, चावीसाठी.

प्रमोशन मार्चमध्ये झालं नाही. कारण कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. हेड ऑफिसने सर्क्युलर मागे घेतलं, फक्त मोठ्या खडीच्या रस्त्यांपुरतं ठेवलं, तेही बिजागरीवर उघडणाऱ्या जाळीसाठी. मिलवर जाणाऱ्या गाडीचा कंडेन्सर आता दर पंधरा दिवसांनी उघडून मऊ ब्रशने आणि साबणाच्या पाण्याने धुतो, पाण्याचा जोर कमी ठेवून, नाहीतर पत्रे वाकतात. अर्ध्या तासाचं काम. दोन उन्हाळे झाले, त्या गाडीचा एसी बंद पडलेला नाही. निमाईदा मला पुन्हा सर म्हणतात. पूर्वी दुपारचा डबा कधी कधी माझ्या टेबलाशी बसून खायचे, ते मात्र आता खात नाहीत.

आमच्या जॉब कार्डात, म्हणजे गाडी दुरुस्तीला घेताना भरायच्या कागदात, मी एक बदल केला. पहिला रकाना ड्रायव्हरचा. काय होतंय ते त्याने त्याच्या शब्दांत, त्याच्या भाषेत लिहायचं, आणि तो रकाना भरल्याशिवाय माझी सही होत नाही. बांग्ला मला अजून धड वाचता येत नाही, म्हणून दर वेळी ड्रायव्हरला समोर बसवून त्याच्याकडूनच वाचून घ्यावं लागतं. त्यात दहा मिनिटं जातात. कंप्रेसर बदलायला तीस हजार जातात.